काय होत न्हाई, मावशे

"मूठ आवळ मावशे. आजून. हां, सोड आता."

बायनामावशीनं मूठ आवळली, सोडली, तरी शीर काही वर येईना. बन्सीधरनं मनगटावर दोन टिचक्या मारल्या आणि हात खिडकीतल्या उजेडाकडं वळवून पाहिला. याच हातांनी मावशीनं गावातली निम्मी लेकरं न्हाऊमाखू घातली होती, बन्सीधरची लेक सृष्टीसुद्धा. आता तो हात नुसता त्याच्या हातात पडून होता. तिसऱ्या खेपेला सुई बसली.

"झालं. मुंगी चावली समज."

एरवी मावशीनं त्याला सोडलं नसतं. 'मेल्या, रेड्याला टोचायलास का?' असं काहीतरी तिनं ऐकवलंच असतं आणि बाहेर बाकावरचे लोक हसले असते. आज ती काही बोलली नाही. सुईकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

चुडाव्याच्या स्टेशन रोडवर डॉक्टर महारुद्र यांचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे आणि तिथं बन्सीधर गेली सव्वीस वर्षं कंपाउंडर आहे. डॉक्टर पूर्णेहून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येतात. बाकीचे दिवस दवाखाना बन्सीधरचा. जखम बांधणं, ताप मोजणं, रक्तदाब बघणं आणि ताकदीची बाटली लावणं. ही बाटली म्हणजे आमच्या भागातलं एक दैवतच आहे. साध्या सलाईनमध्ये जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळंधमक होतं, आणि ते पिवळं पाणी थेंब थेंब अंगात गेलं की माणसाला ताकद येते, असा गावाचा ठाम विश्वास. कापूस वेचून कंबर मोडली, लावा बाटली. लेक सासरी गेली, घर खायला उठलं, लावा बाटली. डॉक्टरांनी सुरुवातीला लोकांना समजावून पाहिलं, मग तो नाद सोडला आणि बाटलीचं खातं बन्सीधरकडं दिलं.

बाटलीइतकाच गावाचा विश्वास बन्सीधरच्या 'काय होत न्हाई'वर होता. रडणाऱ्या लेकराला तो हे एका चालीत म्हणायचा, पहिलटकरणीला दुसऱ्या, आणि ज्याचं खरोखरच काही खरं नव्हतं अशा म्हाताऱ्याला तिसऱ्या. माणसं निम्मी तिथंच बरी व्हायची. डॉक्टरसुद्धा गमतीनं म्हणायचे, बन्सीधर, तू आहेस म्हणून माझी औषधं लागू पडतात.

"बन्सी," मावशी छताकडं बघत म्हणाली, "तुला म्हणून सांगते. मला काई गोडच लागत न्हाई रे."

"तोंडाची चव गेली आसंल. पित्ताची गोळी देतो."

"तोंडाचं न्हाई म्हणत मी." ती जरा थांबली. "सकाळी डोळा उघडला की वाटतंय, कामून उघडला. समदं हाय बघ. सीताराम चांगला हाय. नीलम सून आसून मपल्या लेकीवानी करती. दिवाळीला नातू आंगावर लोळत होता, आन् मी नुसती बघायलते. जसं काई ते दुसऱ्या कुणाच्या घरचं हाय."

बन्सीधर थेंब मोजत होता. नळीवरचं बारीक चाक त्याच्या हातून एकदम घट्ट फिरलं आणि थेंब पडायचे थांबले. त्यानं ते पुन्हा सैल केलं.

हे तर त्याचं होतं. जणू कुणीतरी त्याच्या छातीतून काढून ते मावशीच्या तोंडात घातलं होतं.

जेठ महिन्यापासून त्याला असं होत होतं. कारण काही नव्हतं, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी अडचण होती. पोरगा पुण्याला कंपनीत चांगला लागलेला, सृष्टी परभणीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बायको राजेश्री हसतमुख, अंगात दुसरा कसला रोग नाही. अशा माणसानं 'मला जगणं जड झालंय' म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? पहाटे चार वाजता त्याला जाग यायची आणि उजाडायला लागलं की वाटायचं, आता पुन्हा एक अख्खा दिवस. मग तो उठायचा, दाढी करायचा, आणि दवाखान्यात आधीपेक्षा जास्त थट्टामस्करी करायचा. सृष्टी रोज फोन करायची. "पप्पा, बरे हाव ना?" "एकदम झकास. तुपला अभ्यास कसा चाललाय ते सांग." फोन ठेवला की त्याला घामच यायचा.

दोनदा तो औषधं आणायचं निमित्त करून पॅसेंजरनं परभणीला जाऊन आला होता. सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या खोलीपर्यंत गेला. पहिल्या वेळी रांग बघून परत फिरला. दुसऱ्या वेळी रांगेत गावाकडचा एक ओळखीचा चेहरा दिसला, तेव्हा त्यानं कापसाचं बंडल विकत घेतलं आणि ते छातीशी धरून स्टेशन गाठलं. कंपाउंडरचंच डोकं फिरलं म्हणतील लोक. मग त्याच्या हातानं कोण टोचून घेईल? 'काय होत न्हाई' त्याच्या तोंडून कोण ऐकेल? त्या धाकानं तो सहा महिने आतल्या आत वाळत चालला होता.

आणि आता मावशी मान वळवून त्याच्याकडं बघत होती. ती उत्तराची वाट बघत होती.

खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं. पण बाहेर बाकावर चार माणसं बसली होती, दार उघडं होतं, आणि सव्वीस वर्षांची सवय जिभेवर तयारच होती.

"काय होत न्हाई मावशे," बन्सीधर म्हणाला. "वय झालं की आसंच वाटतंय. बाटली संपू दी, उद्या बघ, कापूस येचायला सगळ्यांच्या म्होरं पळतीस."

"व्हय का," मावशी म्हणाली. "मग ठीक हाय."

तिनं परत छताकडं तोंड केलं आणि बाटली संपेपर्यंत एक शब्द काढला नाही. जाताना मात्र तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कुरवाळला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "लेकराबाळांत सुखी ऱ्हा बाबा," ती म्हणाली. बन्सीधरनं हसून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुपारी दीडला तो जेवायला घरी आला. राजेश्रीनं ताट वाढलं, वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा. तो घास मोडून ताटातच इकडून तिकडं सरकवत बसला. हल्ली तो असाच जेवायचा, आणि बायकोनं विचारलं तर सांगायचा की दवाखान्यात कुणीतरी पेढे दिले होते.

"बायनामावशी येऊन गेल्या," राजेश्री म्हणाली. "आत्ता घंटाभर झाला. मागल्या साली कुरडयाला आपला पितळी डबा नेलता, तो दिला."

"बरं झालं."

"काय बरं झालं? रिकामा दिला!"

बन्सीधरनं वर पाहिलं.

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर साखर, चार हिरव्या मिरच्या, निदान जोंधळ्याचे चार दाणे तरी त्यात टाकतात. रिकामं भांडं दारातून दिलं तर दोन्ही घरांची बरकत जाते, असं समजतात. आणि या बाबतीत बायनामावशीइतकी कडक बाई गावात दुसरी नव्हती. तिचा नवरा वारला तेव्हा शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरीची पातेली पाठवली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्यातलं एकेक पातेलं मूठमूठ दाणे घालून ज्याच्या त्याच्या दारात पोचवलं होतं.

"मी नवी नवरी आले तवा त्यांनीच मला शिकवलं," राजेश्री सांगत होती. तिला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. "आन् आज सोताच इसरल्या. शेजारच्या शिवकन्याची परात बी दिली म्हणं. ती बी तशीच. पलीकडं सिद्धोधनच्या आईची पाटी होती दोन सालापासून, ती बी. म्हणलं, मावशी, आज काय समद्या गावाची भांडी वाटायला निघालाव का? तर हसल्या नुसत्या. म्हणल्या, कुणाचं काई ऱ्हाऊ नी."

बन्सीधरच्या हातातला घास तसाच राहिला.

गेले आठ दिवस तोही हेच करत होता. दवाखान्यातल्या एकेका खणावर त्यानं ठळक अक्षरात औषधांची नावं लिहून चिकटवली होती. गॅसचं पुस्तक कुठल्या पेटीत आहे, बोअरच्या मोटारीचा स्टार्टर अडला की कुठं थापटायचं, हे त्यानं राजेश्रीला दोन-दोनदा दाखवलं होतं. आवराआवर करतोय, असं तो स्वतःला सांगत होता. ती आवराआवर कशासाठी, हे त्यानं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. आता ते त्याच्या समोर उभं राहिलं.

मावशी त्याच्याकडं येऊन बोलली होती. त्यानं तिला 'काय होत न्हाई' म्हणून घरी लावून दिलं होतं. आणि ती घरी जाऊन भांडी परत करायला लागली होती.

"आवो, कुठं निघालाव? ताट..."

"दवाखान्याचं कुलूप लावायचं राह्यलं बहुतेक. आलोच."

दाराबाहेर पडताच त्यानं सीतारामला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. सगळी माणसं कापूस वेचायला रानात होती, फोन बांधावर पिशवीत असणार. आणि उचलला असता तरी काय सांगणार होता तो? तुपल्या आईनं डबा रिकामा दिला, पळत घरी ये? सीतारामनं त्यालाच बाटली लावायला सांगितलं असतं.

गल्ल्या सामसूम होत्या. दारोदार कुलपं, ओट्यांवर कुणी नाही, एक कोंबडी तेवढी रस्ता ओलांडत होती. बन्सीधर आधी भरभर चालला, मग पळायला लागला. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस भरदुपारी गावातून पळतोय हे बघायला कुणी नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच लोक काय म्हणतील याची त्याला आठवण राहिली नाही. त्याच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. ती दवाखान्यातून गेली साडेदहाला. डबा दिला साडेबाराला. आता पावणेदोन. सव्वा तास. एवढ्या वेळात काय काय होऊ शकतं हे कंपाउंडरला कुणी सांगायला लागत नाही.

मावशीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"मावशे!"

आतून आवाज नाही. तो आत शिरला. घर नुकतंच सारवलेलं होतं. भांडी घासून मांडणीत ओळीनं लावलेली, अंथरूण घडी करून पेटीवर, तिची दोन लुगडी धुऊन त्याच्या वर. सणालासुद्धा कुणी असं घर आवरत नाही.

"मावशे! वो मावशे!" आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"कोन हाय?" मागच्या दारातून मावशी आली. हात ओले होते, पदरानं पुसत होती. "बन्सी? भूत बघितल्यावानी कामून करायलास?"

बन्सीधर भिंतीला टेकून खाली बसला. ती होती. उभी होती, बोलत होती. त्याला हसू येतंय की रडू हे काही क्षण त्याला कळेना.

"काई न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "आसंच. बाटलीनं बरं वाटलं का, बघून यावं म्हणलं."

"लय बरं वाटलं बघ." मावशी हसली. "चांगली तरतरी आली. समदं घर सारवून काढलं. तू उगं फिकीर करू नको."

बन्सीधर तिच्याकडं बघत राहिला. हे हसणं त्याला चांगलं माहीत होतं. रोज सकाळी दाढी करताना आरशात तो तेच चढवून बघायचा. असं हसायला किती ताकद लागते आणि त्यानंतर माणूस किती रिकामा होतो, हेही त्याला माहीत होतं.

"डबा दिलास म्हणं."

"दिला की."

"रिकामा दिलास."

"इसरले बाबा. म्हातारपण." तिनं नजर काढून घेतली. "च्या टाकू का?"

"नको."

मी बरी आहे म्हणणाऱ्या माणसाला पुढं काय विचारतात? राजेश्रीलाही सुचलं नव्हतं, सृष्टीलाही नाही. 'मी बरा आहे' म्हटलं की समोरच्याची वाट कशी बंद होते, हे बन्सीधरला आज पहिल्यांदा त्या बाजूनं दिसत होतं. तो उठला. उंबऱ्यापर्यंत गेला. एका चपलेत पायही घातला. आता बाहेर पडलो, की संध्याकाळी किंवा उद्या सकाळी कुणीतरी बोलवायला येईल, आणि आपण बॅग घेऊन येऊ, आणि ती बॅग उघडायची गरजच नसेल.

"मावशे," तो रस्त्याकडं तोंड करूनच म्हणाला, "सकाळी मी तुला खोटं बोललो."

"काय खोटं?"

"काय होत न्हाई म्हणलो ना. होतंय. मला सा महिने झाले मावशे. मलाबी काई गोड लागत न्हाई. उजाडूच नी वाटतंय. मला बरं न्हाई. मला लय भेव वाटायलंय मपलंच."

एवढं बोलून तो रडायला लागला. एक पाय चपलेत, एक बाहेर, चौकटीला धरून, घशातून आवाज काढत तो रडला. बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

मावशी पुढं आली, त्याच्या खांद्याला धरून तिनं त्याला उंबऱ्यावर बसवलं आणि शेजारी बसली.

"कवापासून?"

"जेठापासून."

"राजेश्रीला ठावं हाय?"

"न्हाई."

"लेकीला?"

"न्हाई."

"आन् मपल्या शिरा धुंडायलास व्हय रे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात सकाळी नसलेलं काहीतरी परत आलं होतं. तिनं पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, चार वर्षांच्या पोराचं पुसावं तसं, जोरात.

बन्सीधरनं तिचा हात धरून ठेवला. आता विचारलंच पाहिजे होतं आणि विचारायची त्याला भीती वाटत होती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? त्यानं विचारलं.

"मावशे, भांडी कामून वाटलीस? जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?"

समोरच्या बोळातून एक शेळी गेली. कुठंतरी लांब ट्रॅक्टर चालू झाला. मावशी तिच्याच पायाच्या बोटांकडं बघत होती.

"व्हय," ती म्हणाली.

आणि मग, "मला कुणाला सांगावं कळंना रे. सीताराम म्हणंल, आई, आमचं काय चुकलं. त्यांचं काईच चुकलं न्हाई. म्हणून तुपल्याकडं आलते. तुला सांगितलं की सकाळी."

"माझं चुकलं."

"चुकलंच," मावशी म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

बन्सीधर त्या दिवशी दवाखान्यात परत गेला नाही. उंबऱ्यावरूनच त्यानं डॉक्टरांना फोन लावला. मावशीचं सांगितलं आणि मग, थांबून, आपलंही सांगितलं. "उद्या सकाळच्या गाडीनं दोघंही परभणीला जा," डॉक्टर महारुद्र म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवतो. आज तिला एकटं सोडू नका. आणि बन्सीधर, तूसुद्धा एकटा राहू नको. सव्वीस वर्षं माझ्यासमोर बसतोस, मला कसं दिसलं नाही?" याचं उत्तर बन्सीधरकडं होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

दिवस कलताना सीताराम आणि नीलम कापसाची गाठोडी घेऊन आले. मावशीला बोलवेना, तेव्हा बन्सीधरनंच सगळं सांगितलं, काही न लपवता. सीताराम गाठोडं डोक्यावर तसंच घेऊन ऐकत होता. "आई, काय कमी पडलं?" त्यानं तेच विचारलं. "काईच न्हाई रे," मावशी म्हणाली. नीलमनं मात्र काही विचारलं नाही. ती सासूच्या पाठीमागं जाऊन बसली, दोन्ही हातांनी तिला धरलं आणि स्वयंपाकाची वेळ झाली तरी सोडलं नाही.

घरी राजेश्रीला सांगणं त्याहून अवघड होतं. तिनं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच समोर बसली.

"तुमी ते समदं मला दाखवायलते ना, पुस्तक कुठं हाय, स्टार्टर कसा चालू करायचा," ती म्हणाली, "तवाच काळजात धस्स झालतं. पण तुमी हसायलते. म्हणलं, आपणच कायबाय मनात आणायलोय."

"मी लय हसलो," बन्सीधर म्हणाला.

"आता नका हसू," राजेश्री म्हणाली. ती चिडली होती, भेदरली होती, आणि तिनं त्याचा हात जेवायला वाढेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजर वीस मिनिटं उशिरा होती. राजेश्री तिकीट काढायला गेली होती. सीताराम तिघांना मोटारसायकलवर दोन खेपा करून सोडून गेला होता. फलाटावरच्या लिंबाखाली बन्सीधर आणि मावशी उभे होते. गावचं स्टेशन म्हणजे काय, सात-आठ माणसं, आणि आठांपैकी आठ ओळखीची.

भगवानराव गुरुजी पिशवी सावरत पुढं आले. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातला होता.

"काय कंपाउंडर, आज कुणीकडं? बायनाबाईला दवाखान्यात न्यायलात वाटतं? वा! स्वतःचं काम सोडून गावाचं किती करता तुम्ही."

आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. हो म्हणणं किती सोपं होतं. खोटंही नव्हतं ते. मावशीला दवाखान्यात न्यायचंच होतं. नेहमीसारखा तो गावाचा कंपाउंडर राहिला असता, कौतुकही झालं असतं, आणि मावशी साऱ्या गावापुढं येडी ठरली असती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि त्याच्या टोकाला बोटांनी पीळ देत होती. आता हा काय सांगतो, याची तिला धास्ती होती.

"न्हाई गुरुजी," बन्सीधर म्हणाला. "पेशंट मी हाय. मावशी मला सोबत म्हणून यायलीय."

पदराला पीळ देणारी बोटं थांबली.

"तुम्हाला काय झालं?" गुरुजींनी हसत विचारलं. कंपाउंडर थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं असणार.

"मनाचा आजार हाय. सा महिने झाले. परभणीला त्या डॉक्टरकडं जायलोय."

एक जण सिग्नलकडं बघायला लागला. दुसऱ्यानं खिशातून मोबाइल काढला. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि "असं, असं" म्हणत ते फलाटाच्या पुढच्या टोकाला निघून गेले. जे होईल म्हणून तो सहा महिने भीत होता, ते झालं होतं. गाडी आली, आणि तिघं तिच्यात चढली.

पूर्णा गेलं. गाडीत गर्दी फार नव्हती. राजेश्रीला रात्रभर झोप नव्हती, तिचा डोळा लागला. मावशी बन्सीधरच्या शेजारी बसून बाहेरची हळदीची रानं बघत होती. मिरखेल सुटल्यावर भगवानराव गुरुजी पलीकडच्या डब्यातून आले. वरच्या दांडीला धरून उभे राहिले, बन्सीधरकडं न बघता. गाडी हलत होती तसे तेही हलत होते. मग ते वाकले.

"कंपाउंडर," ते म्हणाले. वर्गातला आवाज कुठंच नव्हता. "तिथं नंबर लावायला किती वाजता जावं लागतं?"

"नऊच्या आत गेलेलं बरं."

"आधार कार्ड लागतं का?"

"लागतंय गुरुजी. झेरॉक्स बी ठेवा एक."

गुरुजींनी मान डोलावली. पण ते गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. कुणासाठी, हे बन्सीधरनं विचारलं नाही.

"बसा गुरुजी," मावशी म्हणाली, आणि तिनं खिडकीकडं सरकून त्यांना जागा करून दिली.